मालमत्तेच्या निम्म्या भावात मिळणारी कंपनी बायबॅक करते, तेव्हा शेअर द्यावेत की ठेवावेत?

वाशीच्या मसाला मार्केटमध्ये चाळीस वर्षं धंदा करून आता निवृत्त झालेल्या एका काकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एका जुन्या उद्योग घराण्याच्या इन्व्हेस्टमेंट कंपनीचे २०० शेअर आहेत, बऱ्याच वर्षांपूर्वी ३०० रुपयांनी घेतलेले. कंपनीकडे घराण्यातल्या इतर कंपन्यांचे जे शेअर आहेत, त्यांची आजची किंमत धरली तर एका शेअरमागे १,५०० रुपयांची मालमत्ता येते. बाजारात भाव मात्र ७२०. आता कंपनीने ९०० रुपयांनी ५ टक्के शेअर भागधारकांकडून परत विकत घ्यायचं, म्हणजे बायबॅक करायचं, जाहीर केलंय. मुलगा म्हणतो देऊन टाका, मित्र म्हणतो १,५०० चा माल ९०० ला कोण देतो? आणि कंपनी दरवर्षी असं करत राहिली तर हे अंतर कधीतरी भरून निघेल का, असंही त्यांनी विचारलंय.

काका, मित्राचा हिशेब मालाच्या किमतीचा आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. पण तुम्ही मार्केटमधले, त्यामुळे हे तुम्हाला लगेच पटेल: जिरं कितीही उत्तम असलं, तरी गोदामाची किल्ली दुसऱ्याकडे असेल आणि तो कधी उघडणार हे सांगत नसेल, तर त्या पावतीला पूर्ण भाव कुणी देत नाही. होल्डिंग कंपनीचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर नुसते धरून ठेवणाऱ्या कंपनीचा शेअर ही तशी पावती आहे. किल्ली प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी ताब्यात असलेल्या घराण्याकडे असते. ते मूळ कंपनीवरचा ताबा टिकवण्यासाठीच हे शेअर इथे ठेवतात, विकण्यासाठी नाही.

याचं टोक २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर होते, पुस्तकी मूल्य, म्हणजे ताळेबंदाप्रमाणे निघणारी किंमत, एका शेअरमागे काही लाखांत होतं आणि बाजारातला भाव होता ३ रुपये ५३ पैसे. कंपनी २५ रुपये लाभांश देत होती, म्हणजे भावाच्या सातपट! त्या भावाला विकणारा कोणी नव्हता, म्हणून व्यवहारच होत नव्हते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने इन्व्हेस्टमेंट आणि होल्डिंग कंपन्यांसाठी भाव शोधण्याचा विशेष लिलाव आणला आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला तोच शेअर २,२५,००० रुपयांवर उघडला. वर्तमानपत्रांनी त्याला एका दिवसात झालेली श्रीमंती म्हटलं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. भावाच्या चढउतारावरचा पट्टा पूर्ण मोकळा केला, देशभरातून खरेदीदार आले, तरीही भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्याच्याही खाली उघडला, आणि काही दिवस वर जाऊन पुढच्या काळात पुन्हा उतरला. बाजाराला किंमत माहीत नव्हती असं नाही. ती हातात कधी पडेल याची खात्री नव्हती.

भाव आणि मालमत्ता यांच्या अंतरातला काही भाग तर रास्तच आहे. तुमचे १,५०० रुपये हे कर भरण्याआधीचे आहेत. घराण्याने पन्नास वर्षांपूर्वी घेतलेल्या शेअरांची मूळ किंमत जवळपास शून्य असते. कंपनीने ते उद्या विकले, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के, वर सरचार्ज आणि सेस, मिळून साधारण १४ टक्के सरकारला जातात. म्हणजे १,५०० चे १,२८५ च्या आसपास राहतात. मग ते लाभांश म्हणून तुमच्याकडे आले की तुमच्या स्लॅबने पुन्हा कर. मी कोणत्याही होल्डिंग कंपनीकडे बघताना सुरुवात १,२८५ पासून करतो. तुम्हीही तिथूनच करा, निम्मी निराशा तिथेच कमी होईल.

आता बायबॅककडे येतो. नवी मुंबईत हे समजवायला मला एक सोपं उदाहरण मिळतं, कारण इथल्या कितीतरी घरांनी ते जगलेलं आहे. सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतला घणसोलीचा एखादा भूखंड घ्या, पाच भावांच्या नावावर. १९८४ च्या आंदोलनात ज्यांनी सोसलं, त्यांच्या हाती आलेली ही जमीन. एका भावाला आज पैसे हवेत. बाकीचे चौघे घरच्या सामाईक पैशातून त्याचा हिस्सा बाजारभावाच्या साठ टक्क्यांनी घेतात. यात फायदा कुणाचा? उरलेल्या चौघांचा. तोटा कुणाचा? गेलेल्या भावाचा. जमीन तेवढीच राहिली, किंमत तेवढीच राहिली, वाटेकरी कमी झाले. आणि चौघांचा फायदा खरा कधी होणार? भूखंड विकसित होईल किंवा विकला जाईल तेव्हा. तोवर तो सातबाऱ्यावरचा फायदा.

तुमच्या कंपनीचे आकडे घालून पाहू. समजा एकूण १ कोटी शेअर आहेत, म्हणजे मालमत्ता १,५०० कोटी. कंपनी ५ लाख शेअर ९०० रुपयांनी घेते, खर्च ४५ कोटी. उरले १,४५५ कोटी आणि ९५ लाख शेअर. भागाकार केला की येतात १,५३१ रुपये ५८ पैसे. जो शेअर देत नाही त्याच्या वाट्याला एका शेअरमागे साधारण ३२ रुपयांची भर, म्हणजे २.१ टक्के. बाजाराने आजइतकंच अंतर ठेवलं तर भाव ७२० चा ७३५ होईल.

पण समजा प्रवर्तकांसकट सगळ्यांनी आपापल्या प्रमाणात शेअर दिले. मग तुमच्या २०० पैकी १० गेले, ९,००० रुपये आले. उरलेले १९० गुणिले १,५३१.५८ म्हणजे २,९१,०००. त्यात ९,००० मिळवा. बरोबर ३,००,०००, जेवढे आधी होते तेवढेच. म्हणजे सगळ्यांनी भाग घेतला की बायबॅक म्हणजे वेगळ्या नावाने दिलेला लाभांश. वाटेकरी कमी झाल्याचा लाभ फक्त न देणाऱ्याला मिळतो, आणि तो देणाऱ्याच्या खिशातून येतो. गेली पंचवीस-एक वर्षं मी ठाण्यात गुंतवणुकीच्या सल्ल्याचं काम करतोय. "बायबॅकने मूल्य वाढतं" हे वाक्य या काळात मी इतक्यांदा ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्या फारच थोड्यांनी हा साधा हिशेब कागदावर मांडलेला असतो.

म्हणून ऑफर लेटर हातात आलं की मी आधी किंमत बघत नाही. प्रवर्तक भाग घेणार आहेत का, घेणार असतील तर जास्तीत जास्त किती शेअर देणार, आणि बायबॅकनंतर त्यांचा हिस्सा किती टक्के होईल, हे ज्या पानावर लिहिलेलं असतं ते पान काढतो. आपल्याकडे यात एक अडचण आहे जी परदेशी पुस्तकं वाचून कळत नाही. लिस्टेड कंपनीत किमान २५ टक्के शेअर जनतेकडे असावे लागतात. प्रवर्तकांकडे ७२ टक्के असतील आणि त्यांनी ५ टक्क्यांच्या बायबॅकमध्ये एकही शेअर दिला नाही, तर ९५ लाखांत त्यांचे ७२ लाख, म्हणजे ७५.८ टक्के होतात. नियम मोडतो. त्यामुळे वरच्या मर्यादेला टेकलेले प्रवर्तक भाग घेतातच, त्यांना घ्यावाच लागतो. आणि ते आले की तुमचा बायबॅक लाभांशाच्या जवळ सरकतो.

दुसरं, "दरवर्षी करत राहिले तर अंतर भरेल का" याचं उत्तर पैशाच्या स्रोतात आहे. होल्डिंग कंपनीकडे रोख येते ती मुख्यतः तिच्याकडच्या शेअरांच्या लाभांशातून. मालमत्तेच्या १ टक्का लाभांश मिळतो असं धरा, म्हणजे वर्षाला १५ कोटी. ते सगळे वापरून ७२० च्या भावाने शेअर घेतले तर सुमारे २ लाख ८ हजार शेअर येतात आणि उरलेल्यांची मालमत्ता वाढते १.१ टक्का. ९०० ने घेतले तर पाऊण टक्काही नाही. पन्नास टक्क्यांचं अंतर या गतीने भरायला एक पिढीही पुरणार नाही. बरं, रोख नसताना जुने शेअर विकून ४५ कोटी उभे करायचे म्हटलं, तर कर धरून साडेबावन्न कोटींचे शेअर विकावे लागतात, आणि ३२ रुपयांची भर २४ वर येते.

कायद्याची मर्यादाही इथेच आडवी येते. कंपनी कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे बायबॅक भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच करता येतो. नुसत्या संचालक मंडळाच्या ठरावाने १० टक्क्यांपर्यंत. एक झाला की पुढचा वर्षभर नाही. लोक म्हणतात, मालमत्ता १,५०० कोटींची आहे तर पावणेचारशे कोटींचा बायबॅक का नाही? कारण मुक्त राखीव निधीच्या व्याख्येत न विकलेल्या शेअरांचा कागदी नफा धरतच नाहीत. ताळेबंदात इक्विटीचा आकडा केवढाही दिसो, त्यातला बराचसा भाग शेअरांच्या बाजारभावातल्या वाढीचा असतो आणि तो या हिशेबात शून्य. ताळेबंदातली 'इतर इक्विटी'ची टीप उघडून पाहिलीत तर त्यातले किती रुपये खरोखर मुक्त आहेत ते दिसेल. मी ही टीप वाचायला तरुण सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात लावतो. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनीच्या चौकटीत येणाऱ्यांना नक्त मालमत्तेचे किमान ९० टक्के समूहातच गुंतवलेले ठेवावे लागतात. शेअर विकून हवी तेवढी रोख बाजूला ठेवावी, अशी मुभा त्यांना नाही.

लंडनमध्ये ही गोष्ट वेगळी चालते, आणि आपल्याकडचे अनेक वाचक तिथले लेख वाचून इथे तशी अपेक्षा ठेवतात, म्हणून दोन शब्द. तिथल्या इन्व्हेस्टमेंट ट्रस्टना, म्हणजे लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या लिस्टेड कंपन्यांना, प्रवर्तक नसतो. स्वतंत्र संचालक मंडळ असतं, मालमत्ता बहुधा रोज विकता येणाऱ्या शेअरांत असते, ट्रस्ट बाजारातून जवळपास रोज स्वतःचे शेअर उचलू शकतो आणि ते ट्रेझरीत ठेवून पुढे भाव मालमत्तेच्या वर गेला की पुन्हा विकू शकतो. स्कॉटिश मॉर्टगेजने मार्च २०२४ मध्ये दोन वर्षांत किमान १ अब्ज पौंडांचा बायबॅक जाहीर केला. पर्सनल ॲसेट्स आणि कॅपिटल गिअरिंग हे ट्रस्ट तर भाव मालमत्तेच्या जवळ ठेवायचा हेच धोरण म्हणून पाळतात. खाली गेला की घेतात, वर गेला की नवे शेअर देतात. जिथे अंतर वाढतं तिथे बाहेरचा मोठा गुंतवणूकदार येऊन मंडळालाच आव्हान देऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये साबा या अमेरिकी फंडाने सात ट्रस्टच्या बाबतीत तेच केलं. मतदानात तो हरला, पण मंडळांना जाग आली. आपल्याकडे बायबॅक झाला की शेअर रद्दच करावे लागतात, शेअर बाजारातून थेट खरेदीचा मार्ग सेबीने टप्प्याटप्प्याने कमी करत १ एप्रिल २०२५ पासून बंद केला, आणि ७० टक्के प्रवर्तकाकडे असताना कुणी बाहेरून मंडळ बदलू शकत नाही. साधन एकच, पण हात वेगळे.

मग आपल्याकडे अंतर भरतं कशाने? मी पाहिलंय ते बहुतेक वेळा गोदाम उघडल्याने. आयडीएफसी हे ठळक उदाहरण. वर्षानुवर्षं ती कंपनी तिच्याकडच्या बँकेच्या शेअरांच्या किमतीपेक्षा कमी भावात मिळायची. म्युच्युअल फंडाचा धंदा विकला, पैसे भागधारकांना वाटले, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ती आयडीएफसी फर्स्ट बँकेत विलीन झाली, १०० शेअरांना बँकेचे १५५. मधली पेटी, म्हणजे होल्डिंग कंपनीच गेली, अंतर आपोआप गेलं. दुसरीकडे टाटा इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशनने २०१८-१९ मध्ये १,००० रुपयांनी ४५ लाख शेअर परत घेतले, ५.५१ कोटींचे ५.०६ कोटी उरले. चांगलं काम होतं. पण त्या शेअरने जी मोठी उसळी मारली ती मार्च २०२४ मध्ये, टाटा सन्स लिस्ट होणार या चर्चेने. आणि ज्यांच्या घरी प्रिया स्कूटर होती त्यांना महाराष्ट्र स्कूटर्स आठवत असेल. साताऱ्याची ती कंपनी स्कूटर बनवायची थांबली, आज तिचं मोल तिच्याकडच्या बजाज कंपन्यांच्या शेअरांत आहे, आणि भागधारकाला त्यातून मिळतं ते प्रामुख्याने लाभांशातून. लाभांशाला कमी लेखू नका, काका. पेटीत असताना ज्या १०० रुपयांना बाजार ४८ रुपये म्हणतो, ते तुमच्या खात्यात आले की, कर सोडला तर, १००च असतात, आणि ते जाणाऱ्यालाही मिळतात, राहणाऱ्यालाही.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा तीच आठवली. बऱ्याच वर्षांपूर्वी कळव्याच्या एक निवृत्त शिक्षिका अशाच एका छोट्या कंपनीचं ऑफर लेटर घेऊन आल्या होत्या. राममारुती रोडवर तेव्हा माझी एक टेबल आणि दोन खुर्च्यांची जागा होती. बायबॅक बाजारभावाच्या २५ टक्के वर होता. मी म्हटलं, बाई, सगळे देऊन टाका. थोड्याच लोकांनी फॉर्म भरले, त्यांचे सगळेच्या सगळे स्वीकारले गेले. चारएक वर्षांनी ती कंपनी मूळ कारखान्याच्या कंपनीत विलीन झाली आणि राहिलेल्यांना थेट कारखान्याचे शेअर मिळाले, बायबॅकच्या भावाच्या कितीतरी पट. त्या बाईंनी एका शब्दाने मला बोल लावला नाही. पण त्यांच्या फॉर्मची झेरॉक्स मी अजून ठेवलीय. मी प्रीमियम पाहिला होता आणि एवढंच पाहिलं होतं. आधीच्या तीन वर्षांत प्रवर्तक बाजारातून स्वतः थोडे थोडे शेअर उचलत होते, कायद्याने वर्षाला ५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे तेवढे, आणि ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर तिमाही भागधारणेच्या तक्त्यात सरळ दिसत होतं. घरचा माणूस जे स्वतःच्या पैशाने घेतोय ते मी बाईंना विकायला लावलं.

तेव्हा तुमच्या कंपनीचे गेल्या बारा तिमाहींचे तक्ते काढा. प्रवर्तकांचा हिस्सा हळूहळू चढतोय, समूहातल्या आडव्यातिडव्या गुंतवणुका मिटवल्या जातायत, दोन छोट्या कंपन्या एकत्र केल्या जातायत, असं दिसलं तर थांबायला कारण आहे. काहीच हलत नसेल, आणि हे घराणं तीस वर्षं तसंच बसून असेल, तर मग मुलाचं ऐका. एक गोष्ट आणखी: बायबॅकने बाजारात फिरणारे शेअर आणखी कमी होतात. आधीच दिवसाला पाचशे शेअरांचा व्यवहार होत असेल तर नंतर विकायला निघाल तेव्हा घेणारा शोधावा लागेल, आणि अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढूही शकतं.

तिसरा मार्ग आहे आणि तुमच्यासारख्याला बहुतेक वेळा मी तोच सुचवतो: द्या, आणि परत घ्या. टेंडर मार्गात, म्हणजे कंपनी ठरलेल्या भावाने सगळ्या भागधारकांकडून शेअर मागवते तेव्हा, १५ टक्के शेअर छोट्या भागधारकांसाठी राखीव असतात, रेकॉर्ड डेटला (कोणाकडे किती शेअर हे ज्या तारखेला मोजतात) ज्यांच्या शेअरांची किंमत २ लाखांपर्यंत आहे त्यांच्यासाठी. तुमचे २०० गुणिले ७२० म्हणजे १ लाख ४४ हजार, तुम्ही त्यात बसता. या गटातले बरेच जण फॉर्मच भरत नाहीत, म्हणून हक्काच्या प्रमाणापेक्षा जास्त शेअर स्वीकारले जाण्याची शक्यता असते. समजा तुमचे ४० स्वीकारले. ३६,००० रुपये आले. ७२० च्या भावाने त्याचे ५० शेअर येतात. २०० चे २१० झाले, आणि मालमत्तेतला वाटा सुटला नाही.

पण इथे कर सगळं उलटं करू शकतो, म्हणून यावर मी जोर देतो. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत बायबॅकचा कर कंपनी भरायची, तुमच्या हातात आलेले पैसे करमुक्त. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम फिरला: आलेली सगळी रक्कम लाभांश मानायची आणि तुमची खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून पुढे ओढायची. ३० टक्के स्लॅबवाल्याला त्या ३६,००० वर, सेस सोडून, १०,८०० कर. हातात २५,२००, त्याचे शेअर येतात ३५. दिले ४०, मिळाले ३५! त्या काळात मी वरच्या स्लॅबमधल्या लोकांना बायबॅकपेक्षा बाजारात विका असं सांगत होतो. २०२६ च्या अर्थसंकल्पात पुन्हा भांडवली नफ्याकडे जायचं आणि प्रवर्तकांवर जादा कर लावायचा असा प्रस्ताव मांडला गेला. भांडवली नफा धरला तर तुमचा नफा ४० गुणिले ६००, म्हणजे २४,०००, आणि तो वर्षाच्या सव्वा लाखाच्या सवलतीत बसला तर कर शून्य. एकाच व्यवहारात ३५ की ५०, हे नुसत्या तारखेवर ठरतं. सीएला विचारताना "बायबॅकवर कर किती" असं मोघम विचारू नका. ऑफर लेटरमधली पैसे मिळायची तारीख दाखवा आणि त्या तारखेचा नियम विचारा.

प्रवर्तकांवरचा जादा कर हा भाग मला मनापासून आवडला. ते बायबॅकपासून लांब राहिले तर तुमच्या-माझ्यासाठी स्वीकारले जाणारे शेअर वाढतात, आणि न देणाऱ्यांच्या वाट्याची भर खरी ठरते. मात्र जिथे ते ७५ टक्क्यांच्या सीमेवर आहेत तिथे याचाच परिणाम म्हणून ते बायबॅक करायचंच टाळतील. अशा कंपन्यांच्या सभेत आपण लाभांश मागायला हवा. सभा आता व्हिडिओवर होतात, वक्ता म्हणून आधी नाव नोंदवलं की प्रश्न विचारता येतो. मी दरवर्षी तीन-चार कंपन्यांत विचारतो: मिळालेल्या लाभांशापैकी किती पुढे दिला, उरलेला कुठे ठेवला, आणि का. उत्तर बहुधा मिळतं.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. प्रवर्तकांच्या सहभागाचं पान आणि बारा तिमाहींचे तक्ते बघून घ्या. काही हालचाल दिसली नाही आणि कराचं उत्तर भांडवली नफा असं आलं, तर सगळे २०० टेंडर करा. जेवढे स्वीकारले जातील त्याच्या पैशातून भाव ७५० च्या खाली असेल तर परत घ्या. विलीनीकरणाची चाहूल दिसली तर एकही देऊ नका. टेंडरची खिडकी फक्त पाच कामकाजाच्या दिवसांची असते, आणि ब्रोकर शेवटच्या दिवशी बऱ्याचदा दुपारीच बोली घेणं थांबवतात, तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत ॲपमध्ये टाकून ठेवा. शेअर तुमच्याच डीमॅटमध्ये अडकवलेले दिसतील, घाबरू नका. न स्वीकारलेले काही दिवसांत मोकळे होतात.